न्यायासनावर (भाग ७) : दोन सह्यांशिवाय फाशी नाही

या आठवड्यात न्या. रंजना देसाई यांच्या मागोमाग दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात जायचं ठरलं होतं, पण ते राहू दे. तोंडवलीहून एका वाचकाने विचारलेला प्रश्न आधी घ्यायला हवा. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यातल्या अजमल कसाबला विशेष न्यायालयाने फाशी सुनावलीच होती; त्याने अपील केलंच नसतं, तर मुंबई उच्च न्यायालयात न्या. देसाई यांच्यासमोर ते प्रकरण आलं असतं का?

आलंच असतं. ६ मे २०१० ला न्या. एम. एल. टहलियानी यांनी फाशी सुनावली, तरी त्या निकालावर फाशी देता येत नव्हती. तेव्हा लागू असलेल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३६६ सांगत होतं, की सत्र न्यायालयाने फाशी दिली की सगळं प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवायचं. आरोपीने मागो वा न मागो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही हा नियम टिकून आहे. वकील याला ‘कन्फर्मेशन’ म्हणतात. उच्च न्यायालयाने शिक्षा कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही, आणि त्या आदेशावर किमान दोन न्यायमूर्तींच्या सह्या लागतात. दोघांचं एकमत झालं नाही, तर प्रकरण तिसऱ्यापुढे जातं.

म्हणजे ओरोसच्या जिल्हा न्यायालयात उद्या कुणाला फाशी झाली, तर कागदपत्रं वर जाणारच. पूर्वी ती मुंबईला जात. ऑगस्ट २०२५ मध्ये सिंधुदुर्गासह सहा जिल्ह्यांसाठी कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, त्यामुळे आता घाट चढला की पुरे.

वर गेल्यावर होतं काय? नुसता शिक्का मारणं मुळीच नाही. दोन्ही न्यायमूर्ती पुरावा पहिल्यापासून तपासतात. गरज वाटली तर जादा पुरावा घेण्याचा आदेश देतात. ते फाशी कायम करू शकतात, कमी करू शकतात, फेरसुनावणी सांगू शकतात किंवा आरोपीला निर्दोष सोडूही शकतात. अडचण अशी, की साक्षीदार त्यांच्यासमोर उभा नसतो. त्याचा अडखळलेला आवाज, उलटतपासणीत बदललेला चेहरा खालच्या न्यायाधीशाने पाहिलेला असतो. वर येतं ते खटल्याच्या कागदपत्रांचं जाडजूड पेपरबुक.

हे पेपरबुक वाचण्यातच न्या. देसाईंची वकिली मुरली होती. वडील एस. जी. सामंत नावाजलेले फौजदारी वकील; त्यांच्यासोबतही त्यांनी काम केलं. १९७९ पासून त्या सरकारी वकील होत्या. पुढे स्थानबद्धतेच्या प्रकरणांसाठी त्यांची विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली. त्या कामात तर कागदच बोलतो: आदेश कधी निघाला, कारणं कधी कळवली, मधले दिवस कुठे गेले. नोव्हेंबर १९९५ मध्ये उच्च न्यायालयाच्या अपील शाखेच्या सरकारी वकील झाल्या आणि १५ एप्रिल १९९६ ला न्यायमूर्ती.

कसाबचं कन्फर्मेशन त्यांच्यासमोर आलं, ते न्या. रणजित मोरे यांच्यासोबतच्या खंडपीठात. कसाबने अपीलही केलं होतं. त्याची बाजू मांडायला अमीन सोलकर आणि फरहाना शाह यांना नेमलं होतं. १६६ माणसं मारली गेलेल्या हल्ल्यातल्या आरोपीलाही वकील मिळालाच पाहिजे. कसाब आर्थर रोड तुरुंगातून व्हिडिओवर हजर असे. २१ फेब्रुवारी २०११ ला खंडपीठाने फाशी कायम केली.

त्याच निकालाच्या दुसऱ्या भागाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. कसाबचे सहआरोपी फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद यांना विशेष न्यायालयाने सोडलं होतं, त्याविरुद्ध सरकार अपिलात आलं होतं. शहर संतापलेलं, आणि अपील करणारं तेच राज्य सरकार, ज्याची बाजू न्या. देसाईंनी अनेक वर्षं मांडली होती. तरीही ते अपील फेटाळलं गेलं आणि दोघांची सुटका कायम राहिली. पुढच्या वर्षी, २९ ऑगस्ट २०१२ ला, सर्वोच्च न्यायालयाने फाशी आणि सुटका दोन्ही कायम ठेवल्या. न्या. देसाईंच्या कारकिर्दीतलं एकच निकालपत्र वाचायचं असेल, तर ते उच्च न्यायालयाचं हेच वाचावं, आणि या दुसऱ्या भागासकट.

दिल्ली आता पुढच्या आठवड्यात. मतदान यंत्रावर ‘नोटा’चं बटण आणणारा २७ सप्टेंबर २०१३ चा निकाल ज्या तिघांच्या पीठाने दिला, त्यात न्या. देसाई होत्या. सुरुवात तिथूनच करू.