रोजा, रुग्णालय आणि शेजार
कासूत एखादे मूल अचानक गंभीर आजारी पडले, की १०८ ला फोन, पेणचे उपजिल्हा रुग्णालय आणि गरज पडल्यास थेट परळचे, १९२९ पासून मुलांसाठी असलेले वाडिया रुग्णालय गाठावे लागते. त्यातच रमजान असला, तर आई सहेरीविनाच रोजा धरते.

कुराणात सूरह बकराच्या १८४ आणि १८५ या आयतींत आजारी व प्रवासी यांना सवलत आहे. सुटलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात. म्हणून दवाखान्यात धावणाऱ्या आईबापांना ‘आज रोजा नाही का?’ असे विचारू नये.

त्यापेक्षा घरी राहिलेल्या भावंडाला जेवू घालावे, शाळेत सोडावे. हे शेजारच्या वहिनी, काकाही करू शकतात. त्यासाठी रोजा असावा लागत नाही.