प्लॅन वाढवला, तरी व्हिडिओ अडकतोय?
१०० एमबीपीएसऐवजी २०० चा प्लॅन घेतला, तरी मोबाइलवर वेग तेवढाच? राउटर तपासा. अनेक जुने राउटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि त्यांचे पोर्ट १०० एमबीपीएसपुढे जातच नाही.

९९९ रुपयांच्या मासिक प्लॅनमध्ये जिओफायबर १५०, तर एअरटेल २०० एमबीपीएस देते. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. ‘अनलिमिटेड’लाही ३३०० जीबीच्या आसपास मर्यादा असते. बीएसएनएलची फायबर अनेक ठिकाणी स्थानिक केबलचालकामार्फत मिळते. बिघाड झाल्यास कोण येणार, हे आधीच विचारा.

एअरफायबरमध्ये घरापर्यंत वायर नसते. गच्चीवरचे यंत्र फाइव्ह-जी सिग्नल पकडते, त्यामुळे टॉवरवर गर्दी वाढली की वेग घसरू शकतो. इमारतीत फायबर आली असेल, तर तीच घ्या.