विश्लेषण : दक्षिण फ्रान्सची दमदार रेड वाइन संकटात का?

फ्रान्स सरकारने २०२४ मध्ये द्राक्षवेली कायमच्या उपटण्यासाठी हेक्टरी ४ हजार युरो देण्याची योजना आणली. रेड वाइनची घटती मागणी हे त्याचे एक प्रमुख कारण. भूमध्य समुद्रालगतच्या लांगदॉक भागाला मात्र वाढत्या उष्णतेचाही फटका बसत आहे.

या वाइनला ‘फुल-बॉडीड’ का म्हणतात?

सायीचे दूध आणि पाणी घातलेले दूध यांत जिभेला जो फरक जाणवतो, तसाच हा प्रकार. अल्कोहोल आणि सालीतले टॅनिन जास्त असले की वाइन तोंडात दाट लागते. भरपूर उन्हामुळे इथल्या द्राक्षांत हे दोन्ही उतरते.

अनेक जातींची द्राक्षे का मिसळतात?

प्रत्येक जातीचे काम वेगळे. ग्रनाशमुळे फळाचा स्वाद आणि अल्कोहोल मिळते. सिरामुळे गडद रंग आणि मिऱ्यासारखा झणका येतो. नाशिकमध्ये हीच जात ‘शिराझ’ नावाने ओळखली जाते. उशिरा पिकणाऱ्या मूर्वेद्रचे टॅनिन मजबुती देते, तर कारिन्यां आंबटपणा टिकवते. एखाद्या जातीला हंगाम मानवला नाही, तर दुसरी सावरून घेते. कोर्बिएर या नामांकनाच्या रेड वाइनसाठी तर मिश्रण नियमानेच बंधनकारक आहे.

उष्णतेने काय बिघडते?

लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेपासून १ टक्का अल्कोहोल तयार होते. रसात लिटरमागे २४० ग्रॅम साखर असेल, तर वाइन १४ टक्क्यांवर जाते. उष्णता वाढली की साखर झपाट्याने चढते, आंबटपणा घटतो आणि तोल जातो. २८ जून २०१९ रोजी एरो जिल्ह्यातील व्हेरार्ग येथे ४६ अंश सेल्सिअस या देशातील विक्रमी तापमानाची नोंद झाली. त्या लाटेत परिसरातील वेलींची पाने आणि घड अक्षरशः करपले.

मळे उपटल्याने प्रश्न सुटेल?

जादा उत्पादन कमी होईल, पण दुसरा धोका आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ओद जिल्ह्यातील कोर्बिएर डोंगराळ भागात लागलेल्या वणव्यात सुमारे १६ हजार हेक्टर क्षेत्र होरपळले. हिरवे, तण काढलेले द्राक्षमळे आगीला अडवतात. मळा उपटून जमीन पडीक राहिली, की तिथे वाळके गवत आणि झुडपे माजतात. मळे कमी झाल्याने आग पसरायला वाट मिळाली, असे स्थानिक शेतकऱ्यांचे म्हणणे होते.

पुढे काय?

अनेक शेतकरी पहाटे किंवा रात्री तोडणी करत आहेत, काही जण उंचावरच्या थंड जमिनीकडे वळत आहेत. कारिन्यांलाही पुन्हा मान मिळू लागला आहे. काही दशकांपूर्वी हलक्या प्रतीची ठरवून अनुदान घेऊन उपटलेली ही जात आता हवी आहे, कारण भर उन्हातही ती आंबटपणा सोडत नाही. जुनी वेल उपटायला एक दिवस पुरतो. नव्या वेलीला मात्र वाइनजोगे पीक यायला तीन-चार वर्षे लागतात.