'बी.व्ही.' म्हणजे काय रे भाऊ?

हॉलंडमधल्या कंपनीचं पत्र आलं की आपण आधी स्टायपेंड बघतो. नावामागची दोन-तीन अक्षरं कोण वाचतंय! मी डच शिकतोय, म्हणून अशी पत्रं समजून घ्यायला मित्र माझ्याकडे येतात. खरी मेख त्या अक्षरांतच असते.

पहिला नियम म्हणजे नावाचं भाषांतर करायचं नाही. 'कोनिंकलेके फिलिप्स एन.व्ही.' मधल्या पहिल्या शब्दाचा अर्थ 'राजेशाही'. हा तिथल्या राजघराण्याने दिलेला बहुमान. पण करारात 'राजेशाही फिलिप्स' लिहिलंत, तर तिथल्या व्यापार नोंदवहीत अशी कंपनी सापडणारच नाही!

आता अक्षरं बघू. 'एन.व्ही.' चा शब्दशः अर्थ 'निनावी भागीदारी' आणि 'बी.व्ही.' चा 'बंद भागीदारी'. वाचणाऱ्याला वाटेल, एक बेनामी आणि दुसरी टाळं लागलेली! प्रत्यक्षात एन.व्ही. आपल्या पब्लिक लिमिटेडच्या जवळची, तर बी.व्ही. प्रायव्हेट लिमिटेडच्या जवळची. मात्र बी.व्ही. म्हणजे तिजोरी भरलेली असं समजू नका. पूर्वी किमान १८,००० युरो भांडवल लागायचं. १ ऑक्टोबर २०१२ पासून एक सेंटही पुरतो.

सगळ्यात सांभाळायचं ते 'व्ही.ओ.एफ.'. ही साधी भागीदारी पेढी. हिला 'कंपनी' म्हटलं की जबाबदारी मर्यादित आहे असा समज होतो आणि तिथेच माणूस फसतो. इथे भागीदार पेढीच्या कर्जाला 'होफ्देलक' जबाबदार असतात. 'होफ्त' म्हणजे डोकं, म्हणून कोणीही सहज 'दरडोई' असं भाषांतर करेल. समजा तीन भागीदार आणि कर्ज ३०,००० युरो. दरडोई म्हटलं तर प्रत्येकी १०,०००. पण कायद्यातला अर्थ नेमका उलटा आहे. सावकार पूर्ण ३०,००० कोणाही एकाकडून वसूल करू शकतो, अगदी त्याच्या घरादारावर टाच आणून! उरलेल्या दोघांकडून त्यांचा वाटा मागत फिरणं ही मग त्याची डोकेदुखी.

नावापुढे 'आय.ओ.' दिसलं, तर ती कंपनी अजून स्थापन व्हायची आहे. स्थापनेनंतर कंपनीने तो व्यवहार मान्य करेपर्यंत, सहसा सही करणारा माणूसच त्याला जबाबदार असतो.

तेव्हा नाव जसंच्या तसं ठेवा, अक्षरंही तशीच ठेवा आणि शेजारी कंसात मराठीत अर्थ द्या. उद्या मित्रांबरोबर तिथे स्टार्टअप काढायची वेळ आली, तर सही करण्याआधी एकच विचारा, पैसे बुडाले तर भरायचे कोणी?