पत्ता नसलेल्यांची मोजणी होते कशी? जनगणनेतील 'त्या' एका रात्रीला इतकं महत्त्व का?

नव्या जनगणनेत आपली माहिती आपणच ऑनलाइन भरण्याची सोय आहे. मोबाइल हातात घ्यायचा, घरातल्या माणसांची माहिती टाकायची, काम झालं. पण ज्यांना घरच नाही, त्यांची नोंद कुठे आणि कशी होते?

हा प्रश्न फक्त आकडेवारीचा नाही. शहरात रात्र निवारे किती हवेत, पुनर्वसनाच्या यादीत कोण येणार, निधी किती मिळणार, हे सगळं या मोजणीशी जोडलेलं आहे. मुंबईत तर फुटपाथवरच्या महिलांनी ४० वर्षांपूर्वी हे ओळखून स्वतःच मोजणीत भाग घेतला होता. समजून घेऊया.

बेघर नेमकं कुणाला म्हणतात?

जनगणनेच्या व्याख्येनुसार जी कुटुंबं इमारतीत किंवा घरात राहत नाहीत, तर उघड्यावर, रस्त्याकडेला, फुटपाथवर, मोठ्या सिमेंटच्या पाइपांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, प्रार्थनास्थळांच्या आवारात किंवा रेल्वे फलाटावर राहतात, ती बेघर.

२०११च्या जनगणनेत देशात असे १७.७३ लाख लोक नोंदले गेले. महाराष्ट्रात ही संख्या २.१० लाख होती. उत्तर प्रदेशनंतर सर्वाधिक. एकट्या मुंबईत ५७ हजारांहून अधिक बेघरांची नोंद झाली.

२००१ ते २०११ या काळात देशातील बेघरांची एकूण संख्या घटली. शहरांतली मात्र ७.७८ लाखांवरून ९.३८ लाखांवर गेली. गावात काम नाही आणि शहरात भाडं परवडत नाही, अशा कचाट्यात सापडलेली माणसं या वाढीमागे आहेत.

मोजणी एकाच रात्री का?

जनगणना दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा घरयादीचा. २०२७च्या जनगणनेसाठी त्याचा कालावधी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ असा ठरवण्यात आला. या टप्प्यात घरं नोंदली जातात, त्यामुळे घर नसलेला माणूस इथे येतच नाही. दुसरा टप्पा प्रत्यक्ष लोकसंख्या मोजणीचा, म्हणजे फेब्रुवारी २०२७.

बेघर माणसं जागा बदलतात. एकच माणूस दोनदा मोजला जाऊ नये, म्हणून त्यांची मोजणी एका रात्रीत उरकली जाते. २०११मध्ये ती रात्र २८ फेब्रुवारीची होती.

अडचण इथेच आहे. त्या रात्री कुणी बाजारात हमाली करत असतं, कुणी लग्नाच्या हॉलवर भांडी घासत असतं. एकट्या बायका सुरक्षिततेसाठी आडोशाला झोपतात, त्या चटकन दिसत नाहीत. हातात कागद घेऊन कुणी आलं की 'आता उठवणार' या भीतीने काही जण तिथून निघून जातात. ती रात्र हुकली, की पुढच्या जनगणनेपर्यंत थांबायचं. आणि २०११नंतरची पुढची जनगणना तर १६ वर्षांनी होत आहे.

झोपडी असेल तर?

फुटपाथवर ताडपत्री-बांबूची खोपटी बांधून राहणाऱ्यांची अवस्था आणखी वेगळी. जनगणनेत एखादी वस्ती झोपडपट्टी म्हणून धरायला साधारण ३०० लोकसंख्या किंवा ६० ते ७० कुटुंबं एकत्र असावी लागतात. भिंतीला लागून असलेली दहा-पंधरा खोपटी या निकषात बसत नाहीत.

मोजणीत नसल्याने बिघडतं काय?

याचं उत्तर मुंबईच्याच एका गाजलेल्या खटल्यात आहे. १९८१मध्ये राज्य सरकारने फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवण्याचा निर्णय जाहीर केला. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांनी त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. जुलै १९८५मध्ये निकाल लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. मात्र, नोटीस देऊन आणि पावसाळा संपल्यावर फुटपाथ मोकळे करण्याची मुभाही महापालिकेला दिली.

त्याच निकालात एक महत्त्वाचा मुद्दा होता. १९७६च्या गणनेत ज्यांची नोंद झाली होती, त्यांना मालवणी किंवा अन्यत्र पर्यायी जागा द्यावी, असं न्यायालयाने सांगितलं; ती हटवण्याची पूर्वअट मात्र ठेवली नाही. म्हणजे त्याच फुटपाथवर शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन कुटुंबांत फरक पडला तो जुन्या यादीतल्या नावामुळे.

मग लोकांनी काय केलं?

१९८४मध्ये मुंबईत 'स्पार्क' ही संस्था सुरू झाली. भायखळा परिसरातल्या फुटपाथवरच्या महिलांसोबत तिने काम सुरू केलं. १९८५मध्ये सुमारे सहा हजार फुटपाथवासी कुटुंबांची पाहणी झाली. 'हे लोक आज आले, उद्या जातील' हा समज त्यातून खोटा ठरला. बहुतेक जण काम करणारे होते आणि कामाच्या ठिकाणी चालत जाता यावं म्हणून तिथे राहत होते.

पुढच्या वर्षी याच महिलांमधून 'महिला मिलन' उभं राहिलं. जोकिन अर्पुथम यांच्या पुढाकारातील 'नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन'ही सोबत आली. कामाची पद्धत साधी होती:

• रोजची बचत: वस्तीतलीच एक बाई रोज दारोदार फिरून जमेल तेवढे पैसे गोळा करते. आजारपण किंवा काम सुटलं, तर त्याच पैशातून कर्ज मिळतं. सावकाराकडे जावं लागत नाही. भाडं थकून खोली जाण्याची वेळ येते ती बहुतेकदा अशाच अडचणीत. म्हणून बेघर होणं रोखण्यासाठीही ही बचत कामी येते.

• स्वतःची यादी: कोण कुठे, किती वर्षांपासून राहतं याची नोंद वस्तीच ठेवते. अधिकाऱ्यांशी बोलताना हीच नोंद पुढे ठेवली जाते.

• घराचा आराखडा: कसं घर हवं, हे महिलांनी स्वतः मोजमाप करून ठरवलं. १४ फूट उंचीची खोली आणि त्यात पोटमाळा, म्हणजे कमी जागेत कुटुंब मावतं.

हे लगेच फळाला आलं नाही. १९९५मध्ये अफझुलपूरकर समितीच्या अहवालानंतर फुटपाथवासीयांनाही राज्याच्या झोपडपट्टी पुनर्वसनात पात्र ठरवण्यात आलं. अट होती १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या वास्तव्याच्या पुराव्याची. पुढे मानखुर्दच्या 'मिलन नगर'मध्ये या महिला इमारतीतल्या घरात राहायला गेल्या. पहिल्या पाहणीपासून तिथवर जायला सुमारे दोन दशकं लागली.

आज नियम काय सांगतात?

२०१०मध्ये 'पीयूसीएल' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे किमान एक निवारा, तोही वर्षभर आणि २४ तास सुरू ठेवण्यास सांगितलं. २०१३मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघर निवाऱ्याची योजना आली. त्यात प्रत्येक व्यक्तीमागे किमान ५० चौरस फूट जागेचा निकष होता.

मुंबईची २०११ची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. साधं गणित केलं तर सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात. प्रत्यक्षातली संख्या याच्या जवळपासही नाही.

आपण काय करू शकतो?

• मतदार नोंदणी: बेघर व्यक्ती नमुना ६ भरू शकते. राहण्याच्या जागेचा कागदोपत्री पुरावा लागत नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री त्या जागी जाऊन व्यक्ती खरंच तिथे झोपते का, हे पाहतो. अर्ज भरून देण्याचं काम तुम्ही करू शकता.

• आधार: मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने दिलेलं प्रमाणपत्र पुरावा म्हणून चालतं.

• शाळा: शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. शाळेने परत पाठवलं, तर त्या आई-वडिलांसोबत एकदा जा.

• जनगणना: तुमच्या परिसरात रात्री कोण कुठे झोपतं, हे वॉचमन, चहावाला आणि सफाई कामगारांना ठाऊक असतं. ही माहिती आधीच वॉर्ड कार्यालयाला लेखी द्या. मोजणीला येणार आहेत, उठवायला नाही, हे फुटपाथवरच्या कुटुंबांना त्यांच्या ओळखीच्या माणसाने सांगितलं, तर ती तिथे थांबतील.

भायखळ्याच्या महिलांना यादीपासून घरापर्यंत पोहोचायला २० वर्षं लागली. आज फुटपाथवर असलेल्यांची सुरुवात यादीत नाव येण्यापासूनच होणार आहे. फेब्रुवारी २०२७च्या मोजणीत त्यांची नोंद राहिली, तर पुढची कित्येक वर्षं शहराच्या नियोजनात त्यांच्यासाठी जागा नसेल.