रात्रीच्या बाई

रात्रपाळीला बाई ठेवायची म्हटले, की घरोघरी आधी पगाराची चर्चा होते. आमच्याकडेही तेच झाले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर २ तासांनी पालटावी लागते. नाहीतर पाठीला, टाचांना जखमा होतात. म्हणजे बाई रात्रभर जागी हवी. (तिच्यासाठी थर्मासमध्ये चहा भरून ठेवायचे मात्र कुणालाच सुचत नाही!) स्मृतिभ्रंशात दिवेलागणीनंतर गोंधळ वाढतो, हे ठाऊक असूनही आम्ही बाईंना थेट रात्री ८ ला बोलावले. "ही कोण परकी?" म्हणत आईने त्यांचा हात झिडकारला. दुसऱ्या दिवशी बाई दुपारी ४ लाच आल्या. आईशी गप्पा मारीत तिची वेणी घातली. मध्यरात्री आईने हाक मारली. मी धडपडत उठलो. हाक बाईंना होती.