५० टक्क्यांचं गणित

आपल्यापैकी बहुतेक जण बारावी सायन्स करून इंजिनिअरिंगला आलो. त्यामुळे अकरावीच्या प्रवेशाची धावपळ सगळ्यांना माहीत आहे. होस्टेलवर रात्री हा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "त्याला माझ्यापेक्षा कमी मार्क, तरी अल्पसंख्याक कोट्यातून चांगलं कॉलेज मिळालं!" मग आवाज चढतात आणि गाडी थेट धर्मावर घसरते. भांडायचंच असेल तर निदान नियम समजून घेऊन भांडू, म्हणून हा लेखप्रपंच.

मुळात राज्यघटनेची दोन कलमं इथे समोरासमोर येतात. कलम २९(२) म्हणतं, सरकारी किंवा अनुदानित संस्थेत केवळ धर्म, वंश, जात वा भाषेवरून कुणालाही प्रवेश नाकारता येणार नाही. कलम ३०(१) म्हणतं, धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क आहे. आता समाजाने शाळा काढली आणि त्याच समाजाची मुलं बाहेर राहिली, तर हक्काचा उपयोग काय? आणि फक्त त्यांनाच घेतलं, तर बाकीच्यांनी कुठे जायचं?

सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजच्या खटल्यात ५० टक्क्यांची मर्यादा घातली. २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात ११ न्यायाधीशांनी हा ठाम आकडा काढून प्रमाण ठरवणं राज्यांवर सोपवलं. मात्र अनुदानित संस्थेने इतरांनाही वाजवी प्रमाणात घेतलं पाहिजे, असं बजावलं.

आता आपल्याकडचं गणित. महाराष्ट्रात अल्पसंख्याक ज्युनिअर कॉलेजात १०० जागा धरल्या, तर ५० अल्पसंख्याक कोटा, १० इनहाउस, ५ मॅनेजमेंट. उरल्या ३५! शिवाय २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम १५(५) मधून या संस्था वगळलेल्या आहेत. त्यामुळे सरकारने त्यांच्या उरलेल्या जागांवर एससी, एसटी, ओबीसी आरक्षण लावायचं ठरवलं, तेव्हा जून २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. म्हणजे राग फक्त 'ओपन'वाल्याचाच असतो असं नाही. मागासवर्गीय मुलालाही इथे दार अरुंदच आहे.

मग कोटाच नको? मला तसं वाटत नाही. आपल्याच जिल्ह्यातलं मालेगाव बघा. तिथे उर्दू माध्यमात दहावी झालेल्या मुलीला पुढे आपल्या भाषेत, घरच्यांना विश्वास वाटेल अशा ठिकाणी शिकता येतं, ते अशा संस्थांमुळेच. आणि अल्पसंख्याक म्हणजे कायम 'दुसरे' असंही नाही. पै खटल्यात कोर्टाने सांगितलं की अल्पसंख्याक कोण हे राज्याच्या पातळीवर ठरतं. नाशिकमध्ये गुजराती वा सिंधी भाषिक अल्पसंख्याक, तर बेळगावात आपण मराठी माणसंच अल्पसंख्याक! तिथल्या मराठी शाळांसाठी जो हक्क आपण मागतो, तोच इथे दुसऱ्याला नाकारायचा कसा?

माझं म्हणणं एवढंच, की कोटा असणं हा अन्याय नाही, तो बंद दाराआड भरणं हा अन्याय आहे. म्हणून तीन प्रश्न विचारायला हवेत. कोट्यातली गुणवत्ता यादी सगळ्यांना दिसेल अशी लागते का? रिकाम्या राहिलेल्या जागा वेळेत सर्वांसाठी खुल्या होतात का? आणि ज्या समाजाच्या नावाने संस्था उभी आहे, त्यातल्या गरीब मुलाला तिथे खरंच जागा मिळते, की फक्त पैसेवाल्याला? २०२५-२६ पासून अकरावीचे ऑनलाइन प्रवेश राज्यभर सुरू झाल्याने हे तपासणं थोडं सोपं झालं आहे.

घरी धाकटी भावंडं दहावीत असतील तर त्यांना हे जरूर समजावून सांगा. शेजारच्या बाकावरच्या मुलाचा धर्म काढण्यापेक्षा कॉलेजच्या ऑफिसात जाऊन यादी मागणं केव्हाही बरं.